शेरेबुकात काय लिहायचं?

केंद्रप्रमुख झालो तेव्हा एक काम मला झकास जमायचं, शेरे लिहिण्याचं. अलिबाग तालुक्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेसमोर स्कूटर लावायची, हजेरीपट बघायचा, टाचणवहीवर सही करायची, खिचडी चाखायची, मुलांना दोन पाढे विचारायचे आणि शेरेबुकात लिहायचं, 'वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे.' खाली तारीख. पुढच्या शाळेतही तेच.

ही घडी एका बाईंनी मोडली. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा जुनी. शेरा वाचून म्हणाल्या, "सर, लक्ष देतेच की. पण नेमकं काय करू, ते एकदा करून दाखवता का? तिसरीची हातच्याची वजाबाकी अडलीय."

नाही म्हणायची सोय नव्हती. फळ्यावर ५२ वजा ३७ मांडलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक दशक आणा, वगैरे. मुलं माना डोलवत होती. सोडवायला दिलं तर बहुतेकांचं उत्तर २५. सातातून दोन वजा करून मोकळी!

बाई मागे बसून वहीत काहीतरी टिपत होत्या. माझ्या चुका असणार, असं मला वाटलं. वही बघितली तर त्यात मी नव्हतोच. कोण खिडकीबाहेर बघत होतं, कुणी कुणाचं बघून लिहिलं, कुणाचा हात वर जाऊन परत खाली आला, एवढंच होतं. वर्ग बघणं म्हणजे काय, ते मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं.

फेब्रुवारी चालू होता. तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे या गावांकडे पांढरा कांदा निघाला होता, रस्त्याकडेला माळा लटकत होत्या. (या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२२ मध्ये, आमच्या वर्गात तो त्याआधीच पोचला होता.) दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दहा-दहा कांद्यांच्या पाच माळा केल्या, दोन कांदे सुटे ठेवले. गिऱ्हाईक सदतीस मागतंय, काय करायचं? एक मुलगी म्हणाली, "येक माल सोरावी लागंल." शेजारचा लगेच, "सोरलेली माल कोन घेल?" वर्ग हसला, पण दशक सुटतं म्हणजे काय होतं ते सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसलं. तरी सहा मुलं राहिलीच.

केंद्रप्रमुख हे पद राज्यात १९९४ मध्ये आलं, ते शिक्षकांना शाळेत जाऊन मदत करण्यासाठी. प्रत्यक्षात आम्ही माहितीचे हमाल झालो. दर महिन्याची शिक्षण परिषद म्हणजे परिपत्रकांचं वाचन आणि चहा. त्या वजाबाकीनंतर मी एवढंच बदललं: परिपत्रकं छापून हातात द्यायची आणि आधी पाठ बघायचा. पाठ यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनीच घ्यायचा. यावर कुरकुर फार झाली. तशी ती अगदीच चुकीची नव्हती. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर पट असेल तरच. आमच्याकडे बहुतेकांकडे नुसता प्रभार, वर दोन-तीन इयत्तांचा वर्ग. पण ज्याच्या हाती चाव्या असतात, त्याचाच पाठ चारचौघांत फसला की बाकीचे आपापली अडचण सांगायला धजावतात. हे मी पुनःपुन्हा पाहिलंय.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि सगळे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला निघाले. आमच्यातलेही गेले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी त्या शाळांचं काम मिळून उभं केलं होतं. परतल्यावर बऱ्याच शाळांनी काय केलं, तर तिथं पाहिल्यासारख्या फरशा रंगवल्या. फरशी रंगवायला एक रविवार पुरतो. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायची सवय लागायला आमच्या केंद्राला दोन वर्षं लागली, आणि दोन शाळांत ती लागलीच नाही.

या सवयीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कातकरी मुलांबाबत. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलेलं असतं, ते पत्र्याच्या पेटीत राहतं. मग बाईंनीच पद्धत पाडली: भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना थेट फोन. 'अमकी येतेय, जोडाक्षरं अडतात, तिला पुढे बसवा.' कार्डावर जोडाक्षरांचा रकाना नसतो.

बाईंच्या शाळेच्या शेरेबुकात माझा त्या वेळचा शेरा अजून असेल: 'वजाबाकीचा पाठ मी घेतला. सहा मुलांना समजला नाही. गुरुवारी पुन्हा येतो.' गुरुवारी गेलो तेव्हा बाईंनी त्यातली चार मुलं पुढे काढली होती. उरलेली दोन माझ्यासाठी ठेवली होती.