मेसनमास्तर

इलिनॉयमधल्या एखाद्या मराठी घरात मुलांची शाळा घरीच भरत असेल, तर तिथली आई पाहुण्यांना आधी पुस्तकांचं कपाट दाखवते. ते बघून घ्या, पण खऱ्या मास्तरांना भेटल्याशिवाय उठू नका. ते स्वयंपाकघरात ओट्यावर पालथे पडलेले असतात. काचेचे, रुंद तोंडाचे, उतरत्या खांद्यांचे. आडनाव मेसन. आपल्याकडची बरणी ही त्यांची लांबची बहीण. तिचा जन्म लोणच्यात गेला, यांनी शिक्षकी पत्करली.

मास्तरांना जन्मतारखेचा भारी अभिमान. ३० नोव्हेंबर १८५८ ला जॉन मेसन यांनी आट्यांच्या तोंडाच्या बाटलीचं पेटंट घेतलं आणि ती तारीख पुढे कित्येक दशकं जारच्या छातीवर उठावाच्या अक्षरांत मिरवत राहिली. १८७९ मध्ये पेटंट संपलं, तरी तारीख उतरली नाही. ‘आमची कुठेही शाखा नाही’ एवढंच लिहायचं राहिलं होतं. तेही खोटं ठरलं असतं, कारण पेटंट संपताच जो तो मेसन बनवू लागला. त्यांचे हँडलवाले भाऊबंद हल्ली पुण्याच्या कॅफेंत कोल्ड कॉफी घेऊन बसतात. मास्तर त्यांच्याबद्दल बोलत नाहीत.

सध्या विषय चालू आहे प्रेअरी, म्हणजे माणूसभर उंच गवताचा मुलूख. इलिनॉय स्वतःला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणवतं. प्रत्यक्षात मूळच्या दर हजार एकरांतला एक एकरही धड उरलेला नाही, सगळीकडे मका आणि सोयाबीन. तेव्हा जे बाहेर दिसत नाही ते मास्तरांच्या पोटात बघायचं.

पहिला धडा लोण्याचा. प्रेअरीवरचं आपलं बालपण लिहिणाऱ्या लॉरा इंगल्स वाइल्डरच्या एका पुस्तकात तिची आई हिवाळ्यातलं फिकट लोणी पिवळं दिसावं म्हणून गाजराचा किस दुधात तापवून, पिळून, तो रंग सायीत घालते. पोरांना तेही करायचं होतं. आईने गाजर हातातून काढून घेतलं. अर्धा जार क्रीम भरलं, झाकण आवळलं. आधी नुसती खळखळ. पोरं जार हलवत घरभर नाचली. पाच-सात मिनिटांनी आवाजच बंद. किती झटका, आत काही हलेना, काच आतून पांढरी लिंपलेली. “बिघडलं,” म्हणून थोरलीने जार खाली ठेवला. मास्तरांची परीक्षा घ्यायची रीतच ही: ऐन वेळी मौन धरायचं. धाकट्याने उचलून आणखी दहा-बारा हिसके दिले आणि आतून आवाज आला, थप्प. काच एकदम स्वच्छ, मध्ये पिवळसर गोळा, भोवती पातळ पांढरं पाणी.

सांगलीहून आलेल्या आजी हे सगळं बघत होत्या. “विरजण नाही, रवी नाही, आणि ह्याला ताक म्हणायचं?” मग त्यांनीच बाह्या सरसावून गोळा तीन पाण्यांनी धुतला, चाखला आणि म्हणाल्या, “हिंगाचा वास येतोय.” मास्तर धुतले की कोरे होतात, पण झाकणाचं रबर मागचं काही विसरत नाही. आदल्या महिन्यात आत कैरीचं लोणचं होतं.

मास्तर तापट नाहीत, पण त्यांना एकदम तापवू नये. गारठलेल्या अंगावर उकळतं पाणी ओतलं की तळापासून तडकतात आणि मग जोडता येत नाहीत. बेताबेताने ऊब दिली, तर उकळत्या पाण्यात टिकवायचे टोमॅटो पोटाशी धरून तासभर बसतील. बाहेर काढल्यावर निवता निवता झाकण आत ओढलं जातं आणि ‘टक्’ वाजतं. पोरं जेवण सोडून टक् मोजतात. ज्याचं वाजलं नाही, तो त्याच दिवशी फ्रिजमध्ये.

मातीच्या तासाला मात्र मास्तर सगळ्यांचा अंत पाहतात. जारमध्ये परसातली काळी माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला. पोयटा दोनेक तासांनी. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून बसलेली, आणि वर तरंगणारं काळं भुसकट, मुळांचं आणि पानांचं. हीच माती ओली झाली की बिडाच्या नांगराला चिकटून बसायची, फाळ सारखा खरवडावा लागायचा. मग १८३७ मध्ये याच राज्यात जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळ केला. आजी म्हणाल्या, “ही तर आपली काळी!” रंग तोच, पण आई-बाप वेगळे. आपली काळी बसाल्ट दगडाची लेक, ही गवताची. इथलं बिग ब्लूस्टेम गवत आठ-दहा फूट खोल मुळं सोडतं, आणि तीच मुळं हजारो वर्षं कुजत आली.

हिवाळ्यात मास्तर रजेवर नसतात. ओल्या वाळूत मिल्कवीड या इथल्या रानफुलाचं बी घेऊन फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात महिनाभर बसतात. थंडी सोसल्याखेरीज ते बी नीट रुजत नाही. वर चिठ्ठी: ‘हे खाऊ नये’. पाहुण्यांपैकी एकाने तरी उघडून वास घेतलेला असतो.

जूनमध्ये भोकं पाडलेलं झाकण लावून अंगणात ड्यूटी. काजव्यांची. इथल्या एका जातीचा नर काजवा उडता उडता उजेडाचं इंग्रजी ‘जे’ अक्षर काढतो आणि गवतात बसलेली मादी दोनेक सेकंद थांबून उत्तर देते. सेकंद मोजायचं काम धाकट्याकडे, त्यामुळे ते कधी दोन भरतात, कधी सात. साडेनऊला आई झाकण काढते. काजवे लगेच उडत नाहीत. काच चढून काठाशी येतात, आट्यांवर घुटमळतात, मग एकेक करून जातात.

सकाळी मास्तर ओट्यावर पालथे, आत गवताची एक काडी चिकटलेली. आजींनी झाकण नाकाशी नेलं, बाजूला ठेवलं आणि सुनेला सांगितलं, “लोण्याला दुसरा घे गं.”