पाठांतराच्या आधीचा ‘का’

किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून परतले, तेव्हा भारतातल्या नोंदणीसाठीची एफएमजीई ही परीक्षा समोर होती. एका दिवसात 300 प्रश्न, पास व्हायला 150 गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं, पण साडेपाच वर्षांचं सगळं डोक्यात ताजं हवं.

तिकडे बिश्केकच्या वॉर्डात हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया पाहिले होते. सर्पदंश मात्र फक्त पुस्तकात. गावी ओसरीवर बसून मी त्यावरचाच एक प्रश्न मोठ्यानं वाचत होते : रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, पापण्या उघडेनात, अंगावर खूण नाही. पर्याय वाचायच्या आत आजी शेंगा फोडता फोडता म्हणाली, “मण्यार गं ती. खालीच निजतात ना माणसं.” उत्तर बरोबर होतं, आणि कारणही.

त्यानंतर रिव्हिजनची रीत बदलली. प्रत्येक मुद्द्याला आधी ‘का’ विचारायचं. नागदंशात ॲट्रोपिनच्या जोडीनं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं, मण्यारीत फारसं नाही. का? नागाचं विष मुख्यतः स्नायूवरचे रिसेप्टर अडवतं. मण्यारीचं चेताटोकच निकामी करतं, मग ॲसिटिलकोलिन सुटणार कुठून? लहान मुलालाही अँटीव्हेनम मोठ्या माणसाइतकंच. का? सापानं वजन बघून विष सोडलेलं नसतं. घोणस चावल्याचा संशय असेल तर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विषानं रक्त गोठवणारे घटक संपवलेत.

फवारणीच्या औषधाची विषबाधा हा आमच्या भागातला नेहमीचा विषय. ॲट्रोपिन कुठवर द्यायचं? बाहुल्यांकडे बघून थांबायचा मोह होतो. खरी खूण छाती कोरडी होण्याची, कारण पेशंट दगावतो तो श्वासापायी. लाल विंचवाच्या दंशावरचं प्राझोसिन तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे पुस्तकात आलं. कोकणातल्या पेशंटांवरून शिकलेली गोष्ट जगभर वाचली जाते, हे कळल्यावर ती वेगळी पाठ करावी लागली नाही.

सगळंच असं उलगडत नाही. लसीकरणाचं वेळापत्रक आणि कॅन्सरच्या स्टेज घोकाव्याच लागल्या. म्हणून तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन : आधी कारण शोधा, आणि ज्याला कारण सापडत नाही तेवढंच पाठ करा. परीक्षेनंतर पेशंटसमोर उभं राहायचंय, आणि तिथे चार पर्याय नसतात.