आधी त्वचा, मग फाउंडेशन

मुलींनो, डिसेंबर उजाडला की आपल्या शाळेत स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. नाच बसतात, साड्या भाड्याने येतात, आणि रोज मधल्या सुट्टीत एक तरी जण विचारतेच, "बाई, फाउंडेशन कुठलं घेऊ?" मी मराठीची शिक्षिका, ब्युटी पार्लरचा कोर्स काही मी केलेला नाही. पण बारा-तेरा वर्षं संमेलनात पडद्यामागे उभी राहून मुलींचे चेहरे रंगवलेत. त्यामुळे कुठलं घ्यायचं यापेक्षा कसं लावायचं, ते मी नक्की सांगू शकते.

फाउंडेशन म्हणजे पाया. घराचा पाया घालण्याआधी जमीन नीट करतात ना, तसंच इथे. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा. अंगाच्या साबणाने बहुतेकींचा चेहरा ताणल्यासारखा कोरडा होतो. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. डाळीचं पीठ किंवा उटणं लावून घासायचं असेल, तर ते दोन दिवस आधी उरकून घ्या. त्याच दिवशी घासलेल्या त्वचेवर फाउंडेशन चुरचुरतं. मग मटाराच्या दाण्याएवढं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याच्या मुली इथेच टाळाटाळ करतात, पण त्यांनाही ते लागतंच, फक्त हलकं, जेलसारखं घ्यावं. लावल्यावर पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं कुणालाच थांबवत नाहीत, आणि मग "बाई, याचे गोळे निघतायत!" अशी ओरड होते. ओल्या क्रीमवर फाउंडेशन चोळलं की गोळे निघणारच.

नवी बाटली असेल तर आदल्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर ते चेहऱ्याला लावायचं नाही. तीनशे रुपये गेले तर गेले.

आता रंगाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

दुकानात बहुतेक जणी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघतात. पण हात उन्हात वेगळा रापतो, चेहरा वेगळा. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे भेटतात तिथे. दोन-तीन शेडचे पट्टे ओढा आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखालून उठून दारात, उजेडात या. जो पट्टा कातडीत विरघळून दिसेनासा होईल, तो तुमचा. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर थोडं गडद होतं. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या यावरून शेड ठरवायची युक्ती व्हिडिओंत सांगतात. सावळ्या हातावर त्या शिरा धड दिसतच नाहीत, म्हणून माझा भरवसा जबड्यावरच.

एका वर्षी बाहेरून मेकअपवाले बोलावले होते. त्यांच्याकडे एकच फिकट ट्यूब, आणि समोर कोळीनृत्याच्या अठरा मुली. अठरा जणींना तेच फासलं. नववीतली एक सावळी, फार देखणी मुलगी त्यात राखाडी दिसू लागली. मान वेगळी, चेहरा वेगळा. पहिल्या रांगेतल्या पोरांनी व्हायचं ते केलं. ती नाचली, पण शेवटच्या ओळीत, मान खाली घालून.

पुढच्या वर्षी तिची आई स्वतःच ट्यूब घेऊन आली, तीसुद्धा दोन शेड फिकट. "बाई, हिला जरा उजळ करा, फोटो पाहुण्यांत जातात." मी मुलीच्या एका बाजूला ती ट्यूब लावली, दुसऱ्या बाजूला दोन शेड मिसळून तिचा खरा रंग जुळवला आणि दोघींना खिडकीशी नेलं. आईने बराच वेळ पाहिलं. "हीच बाजू बरी दिसतीय," ती दुसऱ्या बाजूकडे बघून म्हणाली. मग हळूच, "पण बाई, काळ्या पोरीचं आपल्यात कसं हुतं, तुम्हाला काय सांगायचं." यावर मला उत्तर सुचलं नाही. मेकअप मात्र खऱ्या रंगाचाच झाला.

त्या माउलीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे 1975 मध्ये आली आणि तिच्या नावातलं 'फेअर' जायला 2020 साल उजाडलं. 2017 मध्ये गायिका रिहानाच्या 'फेन्टी ब्युटी'ने एकदम 40 शेड बाजारात आणल्या, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. आमच्या तालुक्याच्या दुकानात अजून तीन-चारच मिळतात, त्याही बहुधा फिकट. म्हणून एक गडद आणि एक मध्यम अशा दोन बाटल्या घेऊन स्टीलच्या ताटलीत मिसळा.

लावणं त्यामानाने सोपं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी यांवर छोटे ठिपके द्या. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मधून बाहेरच्या बाजूला थोपटत न्या. चोळायचं नाही. एक पातळ थर पुरतो. डाग असेल तिथेच दुसरा. कान आणि मान विसरू नका. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीला. एक गंमत सांगते: झिंकचं सनस्क्रीन खाली असेल तर फ्लॅशच्या फोटोत चेहरा कधी कधी भुतासारखा पांढरा येतो. रात्रीच्या कार्यक्रमाला ते लागतही नाही.

आणि एकच स्पंज तीस जणींत फिरवायचा नाही! एकीच्या चेहऱ्यावरचा संसर्ग सगळ्यांना होतो. प्रत्येकीने आपापला आणावा, नाहीतर कापसाचे बोळे आहेतच.

कार्यक्रम संपायला रात्रीचे अकरा वाजतात, डोळे मिटत असतात. तरी मेकअपसकट झोपू नका. खोबरेल तेलाने पुसून मग फेसवॉशने धुवा. ज्यांना पिंपल्स येतात त्यांनी तेल टाळून मायसेलर वॉटर वापरावं. या वर्षीच्या मुलींनी शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये थांबा. आपापला स्पंज आणा, आणि तोंड धुऊन या.