धर्मगुरूंची भाषा

भाचा सेमिनरीत गेला, तेव्हा धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, झील पाद्री होवन इलो की प्रवचन खंयच्या भाषेत करतलो?" प्रश्न साधा नव्हे.

कोलकात्याचे पहिले अँग्लिकन बिशप मिडलटन यांनी १८२० मध्ये हुगळीकाठी शिबपूरला बिशप्स कॉलेज स्थापिले, ते देशी ख्रिस्ती तरुणांतून धर्मोपदेशक घडावेत आणि पवित्र शास्त्राची भाषांतरे व्हावीत म्हणून. पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल स्वतः संस्कृत शिकले. १८३१ पासून त्यांची 'ख्रिस्तसंगीता' ही प्रभुचरित्राची श्लोकबद्ध रचना प्रसिद्ध होऊ लागली. आपल्या फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' तर १६१६ मध्येच राशोलला छापले गेले होते! मिलनी पंडितांचे श्लोक निवडले, स्टीफन्सनी घरोघरची ओवी. मला ओवीच जवळची वाटते.

परंतु भाषेला मान दिला म्हणजे ती बोलणाऱ्यालाही तो मिळतोच असे नाही. १८४४ मध्ये तेथे शिकायला आलेल्या मायकेल मधुसूदन दत्तांनी देशी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या पोशाखाला विरोध केला. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांत हा पंक्तिप्रपंच कशासाठी? कृष्णमोहन बंदोपाध्याय तेथे प्राध्यापक झाले ते १८५२ मध्ये. तोवर कॉलेजला बत्तीस वर्षे झाली होती.