मंडळाचा तास वेळापत्रकात कुठे आहे?



जून महिना सुरू झाला की हायस्कूलच्या फलकावर एक यादी लागते. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, गणित मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाईड, कुठे एनसीसी, कुठे आरएसपी. प्रत्येक नावापुढे एकेका शिक्षकाचं नाव. यादी छान दिसते. पण यातलं एखादं मंडळ कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत भरतं असं विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, "जसा वेळ मिळेल तसं." आणि वेळ काही मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या बाईंना हायस्कूलच्या मंडळांची काळजी कशाला? कारण माझ्या वर्गातली मुलं पुढे तिथेच जातात. चौथीच्या बालसभेत अध्यक्ष होऊन टेबलावर हात आपटून "शांतता राखा" म्हणणारी मुलं आठवीत रस्त्यात भेटतात. मी विचारते, "काय रे, सध्या काय चाललंय?" उत्तर ठरलेलं, "शाळा आणि क्लास, बाई."

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात याची कारणं अगदी साधी आहेत. पहिलं कारण जागा. अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या मुलांनी वर्ग सोडला नाही, तर दुपारच्या मुलांना बसायला बाक नाही. मग शाळा सुटल्यावर मंडळ भरवायचं कुठे? दुसरं कारण लोकल. मुंबईचं सीएसएमटी बदलापूरपासून सुमारे ६८ किलोमीटर. आईवडील दोघंही नोकरीला असतील तर सकाळी घर सोडायचं आणि परत यायला रात्र. मधल्या वेळात मुलाला सांभाळणारा एकच उरतो, तो म्हणजे क्लास.

तिसरं कारण बोलायला जड आहे, पण टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची घटना उघड झाली. २० ऑगस्टला लोक स्टेशनात रुळांवर उतरले. तेव्हापासून "शाळा सुटल्यावर थांबायचं आहे" हे वाक्य ऐकलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. मीही एक आई आहे. ती भीती मला परकी नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आठवीत होती. खो-खो उत्तम खेळायची. शाळा सुटल्यावर पाऊण तास सराव असायचा, तो वडिलांनी बंद केला होता. "बाई, तुम्ही पप्पांना सांगा ना," म्हणाली. रविवारी मी त्यांच्याकडे गेले. वडील शांतपणे म्हणाले, "बाई, मी सकाळी सातला निघतो, रात्री नऊला येतो. साडेपाचनंतर ती कुठे आहे, तिच्यासोबत कोण आहे, हे मला कोण सांगणार?"

या प्रश्नावर "मुलांचा सर्वांगीण विकास" हे उत्तर होत नाही. ते हट्टी नव्हते, त्यांना फक्त माहिती हवी होती. मी तिच्या वर्गशिक्षिकेशी बोलले. त्यांनाही हाच प्रश्न इतर घरांतून आला होता. मुख्याध्यापकांनी निर्णय घेतला, की शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका मंडळांच्या. शाळेच्या वेळेतच. प्रत्येक गटाबरोबर दोन शिक्षक, त्यांत एक तरी महिला. खोली ठरलेली, दार उघडं, हजेरी नेहमीसारखी. बाहेर जायचं असेल तर आधी पालकांची लेखी संमती.

ती मुलगी हरित सेनेत गेली. त्यांच्या गटाने वालधुनी घेतली. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी ही नदी शिवमंदिराला लागून वाहते, मग उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. मंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. साडेनऊशेहून जास्त वर्षांचं मंदिर आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, आणि शेजारच्या पाण्याकडे बघताना नाक धरतो. मुलांनी दर शनिवारी एकाच पुलावरून पाणी बघितलं. पाण्यात कुणी उतरायचं नाही, हा पहिला नियम. रंग, वास, फेस, तरंगणारा कचरा, सगळं तक्त्यात. शिक्षकांनी दोरीने बाटली सोडून काढलेल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवायची. दहा आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळली. सहाव्या आठवड्यात मात्र आपसांत भांडायला लागली, की मागच्या शनिवारी पाणी काळं होतं की तपकिरी? आठवण दोघांची वेगळी, तक्ता एकच. वहीत लिहून ठेवलेलं का महत्त्वाचं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. विज्ञानाच्या पुस्तकात "निरीक्षण" हा शब्द त्यांनी कितीतरी वेळा वाचला असेल. तो समजला तो या भांडणात.

वडिलांना शाळेतलं प्रदर्शन बघायला येता आलं नाही. त्यांनी तक्त्याचा फोटो लोकलमधल्या ग्रुपला दाखवला, असं ती सांगत होती. खो-खो मात्र सुटला तो सुटलाच. मैदानी सराव दोन तासिकांत बसत नाही. म्हणजे या व्यवस्थेने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. पण यादीवरचं एक मंडळ खरोखर चालायला लागलं.

आता कुणी विचारेल, वेळापत्रकात हे बसवायला परवानगी आहे का? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रम आणि सहशालेय उपक्रम यांच्यात भिंत नको, असं स्पष्ट म्हटलंय. सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस त्यातच सुचवले आहेत. आपल्या राज्यात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आला. म्हणजे निदान आठवीपर्यंत तरी दार उघडं आहे. नववी-दहावीला ते आपणच लोटून घेतो.

बरं, पैसेही फारसे लागत नाहीत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. हाताने लिहिलेलं! आज आपल्याकडे मोबाईल आणि प्रिंटर आहे, आणि हस्तलिखित मात्र वर्षातून एकदा, तेही पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करण्यापुरतं. उल्हासनगरच्या शाळेत तर वाङ्मय मंडळाला विषय शोधावा लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांच्या छावणीतून हे शहर उभं राहिलं, आणि आजही लोक पत्ता सांगताना "कॅम्प नंबर चार" म्हणतात. एकाच बाकावर मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुलं बसतात. प्रत्येकाने आजीकडून एक म्हण आणायची आणि ती मराठीत समजावून सांगायची. झालं मंडळ सुरू.

एक सावधगिरी. चित्रकला, लोककला, खेळ यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण आठवीतच पालक "याचे मार्क किती?" विचारू लागले, की मूल मंडळात नाही, गुणपत्रिकेत बसलेलं असतं. वालधुनीच्या तक्त्याला एकही मार्क नव्हता.

शिक्षकांना माझं सांगणं एवढंच. दहा मंडळांपेक्षा तीनच चालवा, पण दर आठवड्याला. गटप्रमुख दर दोन महिन्यांनी बदला, म्हणजे तीच ती चार मुलं पुढे येणार नाहीत. फोटोआधी वही भरा.

पालकांनो, तुम्ही पहिल्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा. मंडळाचा तास वेळापत्रकात कुठे आहे? त्या वेळी मुलांसोबत कोण असतं? शासनाने २०२२ मध्ये सांगितलेली सखी सावित्री समिती शाळेत आहे का, तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का? उत्तरं नीट मिळाली, तर मुलाला पाठवा. नाही मिळाली, तर घरी बसवण्याआधी पुन्हा विचारा. भीती खरी आहे, पण तिची किंमत दर वेळी मुलीनेच खेळ सोडून का भरायची?