वायसर कोणी द्यावा?

विश्रामबाग, सांगली.

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

युगांडातून तू पाठविलेले सविस्तर पत्र पावले. निर्धन राष्ट्रांचा विकास का खुंटतो याविषयी तिकडे झालेल्या बैठकांचा जो वृत्तान्त तू लिहिला आहेस, त्यात भांडवलाचा अभाव, निरक्षरता, लोकसंख्या, लाचलुचपत ही सर्व परिचित कारणे यथाक्रम आली असून त्यांपैकी एकही खोटे नाही. तथापि पुष्कळ हातपंप नादुरुस्त पडून आहेत आणि मंजुरी मात्र नव्यांनाच मिळते, हे जे तू जाता जाता लिहून गेलास, ते मला त्या साऱ्या वृत्तान्ताहून मोलाचे वाटले.

तिकडे ज्याला 'यू-टू' म्हणतात तो पंप आपल्याच 'इंडिया मार्क टू'चा अवतार, आणि मार्क टूच्या मुळाशी सोलापुरात घडलेला पंप आहे, हे तुला ठाऊक असेलच. लोखंड भक्कम, दांडा साखळीला जोडलेला, दिवसभर घागरींची रांग लागली तरी सहसा न कुरकुरणारा असा हा पंप. परंतु आतला वायसर झिजला की सगळे नळ वर ओढून काढावे लागतात, त्यासाठी तिपाई, पकडी आणि जाणता मिस्त्री लागतो, आणि त्या किरकोळ वायसराची तरतूद कोणत्याच खात्याच्या दप्तरी नसते. पंप देणाऱ्याचे नाव चौथऱ्यावर कोरता येते. वायसर देणाऱ्याचे कोठे कोरणार?

हे केवळ आफ्रिकेचे दुखणे आहे असे समजू नकोस. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेकडे शिराळ्याला पाऊस नकोसा होतो, कृष्णाकाठी ऊस आणि कारखाने आहेत, आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाचीही शाश्वती नाही. कृष्णेचे पाणी म्हैसाळजवळ उचलून टप्प्याटप्प्याने त्या कोरड्या पठारावर चढविण्याची योजना ऐंशीच्या दशकात मंजूर झाली आणि पुढे दशकांमागून दशके रेंगाळली. पण कालवे झाले, पंप बसले, उद्घाटने झाली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला तो विजेच्या बिलाचा. पाणी चढावर न्यायचे तर वीज लागणार, बिल थकले की पंप थांबणार, पंप थांबले की खातेदार पाणीपट्टी देणार नाही, आणि पाणीपट्टी आली नाही की बिल पुन्हा थकणार! अखेर बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसावेत असा तोडगा निघाला. शेतकऱ्याच्या हिश्शाची वसुली करण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे साखर कारखाना, कारण उसाच्या बिलातून रक्कम परस्पर कापून घेता येते. आता तूच विचार कर. ज्याचा ऊस आहे त्याचे नाव त्या जमाखर्चात आपोआप येते. ज्याची दोन एकर बाजरी आहे, त्याच्याकडून वसूल करणेच कटकटीचे, म्हणून त्याच्या अर्जाची निकडही कोणास फारशी जाणवत नाही. दुष्काळी भागासाठी काढलेले पाणी उसाकडे का ओढले जाते, याचे एक कारण माझ्या मते या वसुलीच्या सोयीत दडले आहे.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला गेली, ती तुला आठवत असेल. पहिल्या फेरीचे पाच लाख लिटर पाणी १२ तारखेस तेथे पोहोचले. लातूरकरांची तहान खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण तो लोहमार्ग कवठेमहांकाळ आणि जत रोड या स्थानकांवरूनच पुढे पंढरपुराकडे जातो, आणि त्याच जत तालुक्यातील गावांनी पाण्याअभावी कर्नाटकात जाण्याचे ठराव २०१२ साली केले होते. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांचा उल्लेख केला, तेव्हा कोठे मुंबईत म्हैसाळ योजनेच्या विस्ताराची लगबग सुरू झाली.

याच्या उलट एक उदाहरण खानापूर तालुक्यात आहे. येरळा नदीतील वाळूचा मक्ता बाहेरच्या ठेकेदारांच्या हाती जाऊन नदी कोरडी पडू लागली, तेव्हा ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी ती वाळू आपली असल्याचा दावा केला, थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि अभियंता के. आर. दाते यांच्या साहाय्याने तांदुळवाडी व बलवडी या गावांसाठी बळीराजा धरण बांधले. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता प्रत्येक कुटुंबाला द्यावा, भूमिहीनालाही द्यावा, असे त्यांनी ठरविले. धरण लहान आहे, आणि विजेच्या डोंगराएवढ्या बिलांचे उत्तर त्यात सापडेल असे मी म्हणत नाही. परंतु भूमिहीन माणूस आपल्या वाट्याच्या पाण्याचा हिशेब मागू लागला की दुरुस्तीची आठवण गावाला वेगळी करून द्यावी लागत नाही, इतके मात्र खास.

तुमच्या गावोगावच्या पाणीसमित्यांत कोण बसते, हे पुढच्या पत्री अवश्य लिही. पंपापासून जिचे घर सर्वांत लांब आहे अशी एखादी बाई त्यांत असते काय, आणि वायसरासाठी जमा झालेला पैसा कोणाच्या हाती असतो, हेही विचारून घे. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस. कळावे.

तुझा,
काका