तांब्यांतली गोदावरी

आमच्या अंबड तालुक्यांत गोदावरीला गोदावरी असें क्वचितच कोणी म्हणतें; ती नुसती 'गंगा'. शहागडला गंगेवर जावयाचें तें बहुधा कोणाच्या तरी अस्थि घेऊन. चार वर्षांपूर्वीं कै. अण्णांच्या अस्थि मींच तेथें सोडल्या. अण्णा रोज स्नानाचे वेळीं सात नद्यांना तांब्यांत बोलावीत. त्यामुळें तीं नांवें आम्हां मुलांना मुळाक्षरांच्याही आधीं पाठ झालीं.

गेल्या श्रावणांत दुसऱ्या महायुद्धांतील आरमारी लढायांविषयीं एक ग्रंथ वाचतांना मी एकदम थबकलों. तेव्हांच्या हिंदी आरमारांतील लहान युद्धनौकांचीं नांवें दिलीं होतीं: जमना, गोदावरी, नर्बदा, कावेरी, इंडस. तांब्यांतल्या सातांपैकीं पांच नद्या तोफा घेऊन समुद्रावर उभ्या! (ज्या घरांत एके काळीं समुद्रगमन निषिद्ध होतें, तेथल्या माणसाला याची गंमत वाटणारच.) इंडस म्हणजे आपली सिंधु, ती १९४२ च्या एप्रिलांत ब्रह्मदेशांतील अक्याबजवळ जपानी विमानांनीं बुडविली. गोदावरी १९४७ च्या फाळणीनंतर पाकिस्तानकडे गेली व तिचें नांव 'सिंध' झालें. तांब्यांतल्या तांब्यांत झालेली ही अदलाबदल.

पण मी थांबलों तो दुसऱ्याच ओळीशीं. १२ ऑगस्ट १९४४ रोजीं सेशेल्स बेटांजवळ गोदावरीनें आणि 'फिंडहॉर्न' नांवाच्या ब्रिटिश नौकेनें मिळून यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडविली. आंत ६६ माणसें होतीं. एकही वांचलें नाहीं. त्या पाणबुडीनेंही पूर्वीं कित्येक व्यापारी जहाजें तळाशीं धाडलीं होतीं, तेव्हां अन्याय झाला असें कोण म्हणेल? मात्र पुढें १९४५ च्या मे महिन्यांत जर्मनीनें शरणागति पत्करली आणि समुद्रांतील पाणबुड्यांना हुकूम सुटला कीं, वर या, काळें निशाण लावा व नौका स्वाधीन करा. कित्येक आल्याही. त्यांवरचीं माणसें कैदेंत गेलीं; पण जिवंत राहिलीं. नऊ महिन्यांचेंच अंतर! २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरांत 'मिसूरी' युद्धनौकेवर जपाननें शरणपत्रावर सह्या केल्या. तो समारंभ तर अर्ध्या तासाच्या आंत उरकला. एवढें महायुद्ध, आणि शेवटीं एक मेज, कागद व लेखण्या.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्रीं मीं घरांत विषय काढला. ज्यांना पाणी देणारें कोणी नाहीं, त्यांच्यासाठीं तर्पणांत एक ओंजळ असते. ती या ६६ जणांना द्यावी काय? धाकटा भाऊ सैन्यांतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "दादा, तीं माणसें शत्रूकडचीं. शिवाय त्यांना आईबाप, बायकामुलें असतील. तीं बेवारस, हें तुम्हीं कसें ठरविलें?"

याला मजजवळ उत्तर नव्हतें, अजूनही नाहीं.

आई वाती वळीत बसली होती. वादांत ती सहसा पडत नाहीं. थोड्या वेळानें तिनें एवढेंच विचारलें, "किती होते म्हणालास?"

"सहासष्ट."

"आणि नांव आपल्या गंगेचें?"

"हो."

ती पुन्हां वाती वळूं लागली.

सकाळीं शहागडला गंगेंत गुडघाभर पाण्यांत उभा राहून मीं ती ओंजळ सोडली. भाऊ पायरीवर पाठ फिरवून उभा होता. पण मी वर आलों तेव्हां त्यानें न बोलतां पंचा पुढें केला.